तब्येतीचा शब्दकोश

मंगळवार, होळी या आमच्या गावी

क्रिएटिनिन ६.८. बाबांचं रक्त मीच काढलं, लॅबमधल्या मशीनवर मीच लावलं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावलं. ६.८. किडन्या जवळजवळ गेल्याच आहेत.

डोकं ताळ्यावर राहावं म्हणून रिक्षात शब्दांचे अर्थ लिहीत बसले. नॉर्मल: दुसऱ्याचा रिपोर्ट. पायांना थोडी सूज: बाबांच्या मते चप्पल बदलली की बरा होणारा आजार. बरं: रिपोर्ट न वाचलेल्या माणसाची तब्येत. हसू आलं नाही. मशीन चुकलं असेल का? नाही, तेही तपासलं होतं. इतकं नीट काम करायची काय गरज होती मला?

बाबा वाडीतून पालक खुडून आले.

"काय मॅडम, पास का नापास?"

"आधी जेवून घ्या."

"म्हंजे नापास," आई हसली.

"मशीनला काय कळतंय? मी बरा हाय."

जेवण: सांगणं पुढे ढकलायची सभ्य पद्धत. ती फक्त माझी, असं मला वाटत होतं. पण महिनाभर एका भाकरीवर उठणाऱ्या बाबांनी आज दुसरी घेतली. माझ्याकडे न बघता सावकाश चावत राहिले.

तिसरी वाढू का, मी विचारलं.

"वाढ," म्हणाले.