नॉर्मनच्या मागे जाणार नाही

२ ऑगस्ट, शनिवार

सॅटनॅव्ह मेला, गाडीतला रस्ता सांगणारा. केटरिंगबाहेरच्या मोठ्या राउंडअबाउटवर, 'तिसऱ्या रस्त्याने बाहेर पडा' म्हणता म्हणता मध्येच गप्प. स्क्रीन काळी. बुक्की मारली, शिव्या घातल्या, काही नाही. कुठला रस्ता तिसरा हेच कळेना, म्हणून गोल गोल फिरत राहिलो. मागचे लोक हॉर्न वाजवतायत. बेरिल शेजारी बसली होती. शेवटी म्हणाली, क्लिफर्ड, इथून आपलं घर दिसतं.

मुद्दा तो नव्हता. पण बायकोला मुद्दा कधी कळलाय?

मी उभं आयुष्य कौन्सिलच्या रस्ते खात्यात काढलं. जिल्ह्यातल्या निम्म्या पाट्या माझ्या सहीने लागल्यात. मला कुणी रस्ते शिकवू नयेत. पण आमच्या हेदरचं एमिरशी लग्न तेवीस तारखेला, तेही वेल्समध्ये, अबरहेलिग नावाच्या खाडीकाठच्या गावात. तिथल्या चॅपलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, दुपारी दोन वाजता पोरीला हात धरून मला आत न्यायचंय. ती एवढंच म्हणाली की डॅड, बाकी काही नको, फक्त वेळेवर ये.

संकल्प: आठवड्याच्या आत नवा सॅटनॅव्ह. ऐंशी पौंड, वर एक पेनी नाही. शास्त्रशुद्ध अभ्यास करून घेणार.

३ ऑगस्ट, रविवार

साडू जेवायला. नॉर्मन आणि मेहुणी सिल्व्हिया. आमच्याकडे पुरुष दारात आला की आधी कुठल्या रस्त्याने आला ते सांगतो, मग तब्येतीचं. पण नॉर्मन पाच मिनिटांवर राहतो! तरी कोट काढायच्या आत सुरू: चर्चकडून न येता शाळेमागून आलो, दोन सिग्नल वाचले.

मग बीफ कापता कापता म्हणाला, क्लिफ, आम्ही शुक्रवारी सकाळी निघतोय, तू आपला माझ्या मागे मागे ये, नवीन यंत्राचा खर्च कशाला?

मागे मागे! बदकाचं पिल्लू आहे मी? अख्खं वेल्स ओलांडताना त्या माणसाच्या मागच्या काचेतला तो मान हलवणारा खेळण्यातला कुत्रा बघत जायचं? तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, धन्यवाद नॉर्मन, विचार करतो. (आमच्यात याचा अर्थ काय होतो ते त्याला चांगलं कळतं.)

ते गेल्यावर बेरिल म्हणाली, मी तर नॉर्मनच्याच गाडीतून जाणार. हेदरला मदत हवी आहे. आणि खरं सांगू का, तीस वर्षं मी मांडीवर नकाशा धरला आणि तू माझ्यावर खेकसलास. ते यंत्र आलं तेव्हा माझी सुटका झाली. आता यंत्र मेलं म्हणून मी पुन्हा यंत्र होणार नाही.

खेकसलो म्हणे. गाडीत मोठ्याने बोलावंच लागतं. इंजिनाचा आवाज असतो.

निर्णय: मी शनिवारी पहाटे एकटा निघणार. स्वतंत्र. लग्नात पुरुषमंडळी विचारतील, कुठल्या रस्त्याने आलास? तेव्हा असं उत्तर देईन की नॉर्मनच्या हातातला ग्लास खाली पडेल.

५ ऑगस्ट, मंगळवार

दुकानात गेलो. विक्रेता म्हणाला, सर, तुमच्या फोनमध्येच असेल की. मी म्हटलं, फोन फोन करायला असतो. माझा फोन गाडीच्या खणात बंद असतो, अडचण आली की चालू करायचा. त्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की जणू मी नुकताच खोदून काढलेला हाडाचा सांगाडा आहे.

चांगला सॅटनॅव्ह एकशेवीसला. एकोणऐंशीवाल्याची स्क्रीन बिस्किटाएवढी. खोक्यावर 'आजीवन नकाशे'. विचारलं, कुणाचं जीवन, माझं की त्याचं? म्हणाला, यंत्राचं. म्हणजे ते मेलं की नकाशेही मेले! हे तर कुठल्याही वस्तूचं असतंच! हा काय गुण झाला? रांगेत सहाजण होते. त्यातला एकजण खोकला. तसाच बाहेर पडलो.

१० ऑगस्ट, रविवार

शेतात भरणाऱ्या जुन्या बाजारात गेलो, जिथे लोक गाडीची डिकी उघडून घरातली अडगळ विकतात. पंधरा पौंडांत सॅटनॅव्ह! पाच इंची! विकणारी बाई म्हणाली, सासूचा आहे, फारसा वापरला नाही. पासष्ट पौंड वाचले. याला म्हणतात व्यवहार. दुकानवाल्याला नेऊन दाखवायला हवा.

संध्याकाळी: यंत्र हंगेरियनमध्ये बोलतं. भाषा बदलायची सोय आहे, पण ती हंगेरियनमध्ये आहे.

१२ ऑगस्ट, मंगळवार

भाषा जमली. (बेरिलने जमवली. नशीब, दुसरं काय?) फेरी मारायला निघालो. नकाशे इतके जुने की बायपास झालाच नाहीये असं त्याचं म्हणणं. पडद्यावर माझा बाण शेतातून पळतोय आणि आतली बाई ओरडतेय: मागे वळा, मागे वळा. मी म्हटलं, अगं भवाने, हा रस्ता मी बांधून घेतलाय! त्याच्या पाट्या माझ्या आहेत! काच खाली होती. बसस्टॉपवरच्या दोन म्हाताऱ्या मागे सरकल्या.

घरी आलो तर बेरिल म्हणते, तिचं तरी ऐकायचं होतंस. मी म्हटलं, मी कुणाचंच ऐकत नाही. ती म्हणाली, हो, ते माहीत आहे.

सासूचा सॅटनॅव्ह कचऱ्यात.

१३ ऑगस्ट, बुधवार

हेदरचा फोन, नेमका मी जाहिराती तपासत असताना. म्हणाली, डॅड, यंत्रात चॅपलचा पोस्टकोड टाकू नकोस. मी विचारलं, का? तर चॅपलला पत्रपेटी नाही, म्हणून चॅपलची पत्रं कुणा मिसेस प्रॉसरकडे जातात आणि पोस्टकोड तिच्या घराचा आहे. मला त्या बाईच्या पत्रांशी काय करायचंय? मग रस्ता सांगायला लागली. ग्रे मेअर पबला उजवीकडे, पुढे लॅम्ब पबला डावीकडे, मग पूल. रस्ता सांगायची ही पद्धत? दारुड्यांना सांगतात तशी? रस्त्यांना नंबर असतात, त्यासाठी माणसांनी खात्यात आयुष्यं घालवलीत. हो हो म्हटलं.

शेवटी म्हणाली, येशील ना डॅड? वेडी पोरगी. लहानपणी मागच्या सीटवर उलट्या करायची, विशेषतः मी आणि तिची आई रस्त्यावर चर्चा करत असू तेव्हा.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मिळाला! इंटरनेटवर, कंपनीने दुरुस्त केलेला, नव्यासारखा. अठ्ठ्याहत्तर पौंड, टपालासकट. अख्खा ब्रिटन, ताजे नकाशे, ट्रॅफिकची सूचना. मंगळवारी येणार. अभ्यासाचं फळ.

१९ ऑगस्ट, मंगळवार

आला नाही.

२० ऑगस्ट, बुधवार

आला नाही. टपालवाल्याला गेटवर गाठलं. तो म्हणाला, साहेब, मी फक्त आणतो, बनवत नाही. फार बोलतो हल्ली.

दुपारी चॅपलमध्ये चालायचा सराव केला. डाव्या हाताशी हूव्हर, म्हणजे केर ओढायचं यंत्र, धरला, हेदरच्या उंचीचा आहे साधारण, आणि हॉलमधून जिन्यापर्यंत हळूहळू गेलो. छान जमलं. तिसऱ्या खेपेला हूव्हरला म्हटलं, सावकाश, पोरी. नेमकी सिल्व्हिया मागच्या दाराने आत. म्हणाली, काही नाही, मी नंतर येते.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

नॉर्मन सकाळी दहाला बायकांना घेऊन निघाला. डिकी बंद करताना म्हणाला, शेवटचं विचारतो, क्लिफ. मी म्हटलं, शुभ प्रवास, नॉर्मन. बेरिलने खिडकीतून विचारलं, हेदरने सांगितलेलं लक्षात आहे ना? पब, पूल? आहे म्हटलं. तिने माझ्या सीटवर जुना नकाशा आणि सँडविचं ठेवलीत. नकाशा घरात नेऊन ठेवला. अविश्वास दाखवल्यासारखा दिसतो.

अकरा वाजता पार्सल आलं! एक तास! एका तासाने नॉर्मनला दाखवायचं राहिलं! पण यंत्र सुरेख. पुरुषाचा आवाज नको म्हणून बदलला, थेट नॉर्मन वाटत होता. बाईचा ठेवला. पोस्टकोड टाकला. क्षणात रस्ता तयार. नंबरासकट. पब नाहीत.

२३ ऑगस्ट, शनिवार

पहाटे ६. निघतो. सूट मागे टांगलाय.

९:३०. श्रूसबरीच्या अलीकडे चहा. सोमवारची सुट्टी जोडून आल्यामुळे अख्खा देश गाडीमागे चाकांची घरं बांधून रस्त्यावर उतरलाय, पण यंत्राने मला बारीक रस्त्यांनी असं काढलं की बस. याला म्हणतात अक्कल. बेरिल असती तर एव्हाना भांडण झालं असतं.

१२:५०. एका पबमागे सूट चढवला. मग पुढे लॅम्ब नावाचा पब लागला. कोपऱ्यावर फुगे आणि पुठ्ठ्याची पाटी: हेदर आणि एमिर, आणि डावीकडे बाण. आता मी या क्षेत्रातला माणूस. पाटी इतकी खाली की गाडीतून दिसत नाही, अक्षरं बारीक, बाण वाकडा. असल्या पाटीवर विसंबून वाहन चालवू नये हे मी नवीन पोरांना शिकवत आलो. यंत्र म्हणालं, सरळ. सरळ गेलो.

१:३५. पोचलो! यंत्र स्वतः म्हणालं: तुम्ही पोचला आहात. पंचवीस मिनिटं हातात. छान दगडी घर, समोर खाडी. अजून कुणी दिसत नाही. म्हणजे मी पहिला. नॉर्मन, बघ लेका!

१:४१. गाड्या नाहीत. चॅपल घरामागे असावं.

१:४४. घरातून म्हातारी बाहेर आली. मिसेस प्रॉसर. म्हणाली, चॅपल ना? ते काय, पलीकडे. पाण्याच्या पलीकडे बोट दाखवलं.

१:५०. फोन चालू केला. बेरिलचे अकरा कॉल. उलट लावायला गेलो तर रेंज गेली. म्हातारी म्हणते भरती आहे, होडी नाही, पूल मागे लॅम्बपाशी डावीकडे, सुट्टीची गर्दी धरून सव्वा तास. आणि हेदरने सांगितलं होतं, लग्न नोंदणारी सरकारी बाई अडीचला दुसऱ्या गावच्या लग्नाला जाणार, म्हणजे दोनच्या पुढे कुणी थांबणार नाही. पलीकडे सगळे दिसतात. टोप्या, फुलं, नॉर्मनची गाडीसुद्धा. मी काठावर जाऊन ओरडलो. दोन्ही हात हलवले. त्यांनीही हलवले. नॉर्मननेसुद्धा. त्यांना वाटलं असणार, कुणीतरी भला माणूस शुभेच्छा देतोय.

हेदर दारात उभी होती. पांढऱ्या पोशाखात. ती रस्त्याकडे बघत होती, पाण्याकडे नाही.

मग बेरिल पुढे आली, तिने पोरीचा हात आपल्या हातात घेतला आणि दोघी आत गेल्या. अगदी हळू. मी सराव केला होता तसंच.

म्हातारीने चहा विचारला. मी पाण्याकडेच बघत राहिलो. यंत्र गाडीतून परत म्हणालं, तुम्ही पोचला आहात. त्याला एक शिवीसुद्धा देता आली नाही. मी रडत होतो.

२४ ऑगस्ट, रविवार

काल पोचलो तेव्हा फोटोसुद्धा होऊन गेले होते. हेदरने माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. म्हणाली, आलास ना डॅड, झालं तर मग. रागावली नाही. तिची आई माझ्याशी तीस वर्षं ज्या आवाजात बोलली, बरोब्बर त्याच आवाजात म्हणाली. भांडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं, यंत्रावर ढकललं असतं. शब्द तयार होते.

मग बारपाशी जाऊन उभा राहिलो. पुरुषांचं चाललं होतं: कुणी वेल्शपूलवरून आला, कुणी किनाऱ्याने, कुणाला ट्रॅक्टर लागला. सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. मला कुणी विचारलं नाही.

आज परत. बेरिल माझ्या शेजारी बसली. मी काही म्हणालो नव्हतो, ती आपण होऊन आली. यंत्र खणात, फोनशेजारी, बंद. श्रूसबरीपाशी सगळे चहाला थांबलो. नॉर्मनने माझ्या कपात साखर घातली, ढवळली, माझ्यापुढे सरकवली. एक टोमणा नाही. दोन दिवसांत एक टोमणा मारला नाही त्या माणसाने. मला राग यायला हवा होता.

निघताना किल्ली खुळखुळवत म्हणाला, क्लिफ, तू हो पुढे, मी तुझ्या मागे येतो.

मी म्हटलं, नको नॉर्मन. तूच हो पुढे.