दोन देशांनी मिळून केलेली पट्टी

बाई,

माणसं एखाद्या चांगल्या कामासाठी जमतात, आणि तेवढं काम सोडून बाकी सगळं इतकं नीट कसं करतात? मला उत्तर येत नाही, आधीच सांगते. तुम्ही गेलात तेव्हा मी अकरावीत होते. आता मोहालीतल्या एका प्रयोगशाळेत नोकरी करते आणि जवळच्याच खरड गावात नागपूरच्या एका मैत्रिणीबरोबर फ्लॅट भाड्याने घेऊन राहते. घरातली पहिली पदवीधर म्हणून बाबा अजूनही कुणाशीही ओळख करून देताना माझ्या नावाआधी एम.एस्सी. लावतात.

माझं काम काय, ते तुम्हाला आवडलं असतं. दिल्लीत संशोधनाला पैसा देणारी एक सरकारी संस्था आहे. तिचा परदेशातल्या तशाच एका संस्थेशी करार आहे. दोन्ही देशांतली एकेक प्रयोगशाळा आणि एकेक कंपनी घ्यायची, चौघांनी मिळून लोकांच्या उपयोगाचं काहीतरी नवं तयार करायचं. त्यांचा खर्च त्यांची संस्था करणार, आमचा आमची. मुलाखतीत हे बोलताना माझा आवाज भरून आला होता. समोरचे सर घड्याळ बघत होते, हे मला नंतर आठवलं.

आम्ही कागदाची एक पट्टी बनवतो. पाण्यात बुडवायची; पाण्यात विषारी धातू असेल तर ती जांभळी होते. गावात कुणालाही स्वतःच्या बोअरचं पाणी तपासता यावं, ही कल्पना. पण बाई, त्यांचं आर्थिक वर्ष जानेवारीत सुरू होतं आणि आपलं एप्रिलमध्ये. त्यांच्याकडे पैसा येतो तेव्हा आमच्याकडे रसायनं नसतात, आमची येतात तेव्हा त्यांचा माणूस सुट्टीवर असतो. प्रवासासाठी पैसा पडून आहे, रसायनांसाठी नाही, आणि इकडचा तिकडे वळवता येत नाही. म्हणून आमचे सर दोनदा तिकडे जाऊन आले आणि मी एकच बाटली पुरवून पुरवून वापरली. दोन देशांमध्ये आजवर नियमित ये-जा झाली ती शाली, पुष्पगुच्छ आणि फोटोंची.

पट्टी त्यांच्या पाण्यात उत्तम चालते. त्यांचं पाणी मऊ आहे. इथल्या बोअरचं पाणी इतकं जड की किटलीत पांढरा थर बसतो, आणि त्या पाण्यात मुद्दाम धातू टाकला तरी पट्टी पांढरीच राहते. खरडच्या पलीकडे एका गावात मी नमुने घ्यायला जाते. तिथे एक बाई दर वेळी मला ताक देते. पट्टी बुडवली की ती माझ्या खांद्यावरून वाकून बघते. ‘पुत्त, दस्स तां सही, पीणा है कि नहीं?’ बाळा, सांग तरी, प्यायचं की नाही? पट्टी पांढरी, म्हणजे पाणी चांगलं, असं माझ्याआधी कुणीतरी तिला सांगून ठेवलेलं. तेच पाणी मी आमच्या मोठ्या यंत्रावर लावलं. धातू होता.

मी सरांकडे गेले. दोन्ही देशांचे तपासनीस पुढच्या आठवड्यात चंडीगडला येणार होते, आणि सर कुठल्या हॉटेलात कुठला झेंडा उजवीकडे ठेवायचा यावर फोन करत होते. फोन ठेवून म्हणाले, ‘अरे यार, फिल्टर का पानी मिला दे ना. पानी नरम होगा, रंग आ जाएगा.’

‘सर, फिर वो गाँव का पानी कहाँ रहा?’

‘बेटा, कमिटी को पट्टी दिखानी है, गाँव नहीं.’

तुमचं स्वयंपाकघर आठवलं. रविवारी मी गणितं घेऊन यायचे, तुम्ही भाकरी थापता थापता शिकवायचात. एकदा तुम्ही विचारता, ‘समजलं?’ मी म्हणते, ‘हो बाई.’ ‘काय समजलं, सांग.’ मी वहीची पानं चाळते. तव्यावरची भाकरी करपते आहे आणि तुम्ही ती उलटत नाही. ‘मग हो कशाला म्हणालीस? मला बरं वाटावं म्हणून? त्यासाठी घरात नवरा आहे, तोही वाटू देत नाही.’ मी घाबरत घाबरत हसले होते. दहावीच्या निकालाला तुम्ही मला तुमचा पांढरा ॲप्रन दिलात, खिशाला ॲसिडचं भोक पडलेला. इथे सगळ्यांचे ॲप्रन कोरे आहेत. तिरस्कार करणं चांगलं नाही, असं तुम्ही म्हणाला असता. मला येतो, बाई. पोट भरून येतो.

कारण तिकडे माझ्यासारखंच काम करणाऱ्या मुलीला मी व्हिडिओवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, आम्हाला माहीत आहे. आमचे सर म्हणतात, तो भारताकडचा प्रश्न. आणि याच करारात माझे सहा महिने होते. तिच्या प्रयोगशाळेत शिकायला मी जाणार होते. बाबांनी अख्ख्या गल्लीला सांगून टाकलं होतं. मैत्रीण म्हणाली, ‘तू पक्की येडी आहेस यार. आधी जाऊन ये, मग खरं बोल. खरं काय पळून चाललंय?’

मी पाणी न मिसळता घेतलेली सगळी मापं, यंत्रावरच्या आकड्यांसकट, दोन्ही संस्थांना पाठवली. सरांनाही तीच प्रत. ते एवढंच म्हणाले, ‘किसी ने पूछा था तुमसे?’ बैठक झाली. पिण्याच्या पाण्यावरची चर्चा सगळ्यांनी सीलबंद बाटल्या समोर ठेवून केली. दुसऱ्या कुणीतरी पट्टी बुडवली, ती छान जांभळी झाली, टाळ्या वाजल्या. माझ्या मेलबद्दल एक शब्द नाही. प्रकल्पाला मुदतवाढ मिळाली आणि सहा महिन्यांसाठी दुसऱ्याचं नाव गेलं.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. तुम्हाला लिहिते आहे ते यासाठीच की हे कुठे पाठवावं लागणार नाही.

गेल्या रविवारी मी बसने त्या गावी जाऊन आले. प्रयोगशाळेचं ओळखपत्र घरीच ठेवलं होतं. त्या बाईला म्हटलं, आमची पट्टी इथे चालत नाही, यंत्रावर पाणी वाईट निघालंय, हे पिऊ नका. टाकीचं पाणी येतं तेच भरा, आणि शेजारीही सांगा. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘फेर एन्ने दिन तुसीं करदे की सी?’ एवढे दिवस तुम्ही करत तरी काय होता? मग आत गेली आणि चुलीजवळचा भरलेला हंडा आणून अंगणात ओतला. मला रडू आलं. तिने मला जवळ घेतलं. तिला वाटलं, मी त्यांच्यासाठी रडते आहे. मी परदेशासाठी रडत होते.