अर्धी बादली

मंगळवार, संध्याकाळ

आज डॉक्टरांनी ट्रेडमिलवर चालवलं आणि मध्येच थांबवलं. म्हणाले, "बसल्या जागी हृदय ठीक आहे, काकू. पण वयाने ते कडक होतं. काम वाढलं की पूर्वीसारखा वेग घेत नाही."

कॉन्व्हेंट शाळेत खेळाच्या तासाला सिस्टर शिट्टी वाजवायच्या, तेव्हा हेच हृदय माझ्याआधी धावायचं.

मला त्रास नाही, असंच समजत होते. घरी आल्यावर कामाच्या शांताबाईने विचारलं, "काकू, यंदा कूलरमध्ये अर्धी अर्धी बादलीच काहून टाकून राहिल्या?" खरंच, कधीपासून? भरलेली बादली उचलणं मी नकळत सोडलं आणि त्यालाच तब्येत चांगली समजले. अर्धी बादली.

आणि पुढच्या आठवड्यात मीनू पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतेय. तिची उठबस, बाळाची अंघोळ, जागरणं... झेपेल या हृदयाला? ऐन वेळी त्याने माघार घेतली तर?

आत्ताच तिचा फोन आला. "आई, तू आहेस ना, म्हणून मला भीती नाही वाटत."

"ये गं," म्हणताना मला दम लागला.

"धावत आलीस का?"

मी खुर्चीतच बसले होते. हो म्हणाले.