सणासुदीचं कानाचं मशीन

ढोकी
ता. ११ नोव्हेंबर २०२५

चि. प्रसेनजित,

जयभीम. इकडं सगळं ठीक. हरभरा चांगला उगवलाय, शेळी व्याली. फोन सोडून बापाला पत्राचं खूळ कुठून लागलं म्हणशील. फोन तुझ्या आईजवळ असतो, आणि मला त्यातलं काही ऐकू येत नाही. शेजारचा व्यंकट उद्या तिकडं पुण्याला निघालाय, त्याच्या हाती देतोय.

तू दिलेलं कानाचं मशीन बंद पडलं. दिवाळीत तू बोलत होतास तेव्हा मी नुसताच हसत होतो. तुझ्या आईला नवी वस्तू रोज वापरलेली खपत नाही. "रोज घातलं तर झिजंल की. सणासुदीला घाला," म्हणत तिनं ते ट्रंकेत ठेवलं, ठेवणीतल्या लुगड्यात, डांबरगोळ्यांशेजारी. बुद्धपौर्णिमेला वंदना ऐकली, एक-दोन लग्नं ऐकली, बस्स. घरातल्या बोलण्याला कशाला मशीन, असं मलाही वाटायचं.

धाराशिवच्या दुकानदारानं बिल बघितलं आणि कागदावर लिहून दाखवलं, "वॉरंटी संपली, काका." मी लई भांडलो. अरे, वापरलंच नाही तर संपली कशी? मग आपल्या वकील पौर्णिमाताईंकडे गेलो. त्यांनीही लिहूनच सांगितलं, वॉरंटी संपली म्हणून हक्क संपत नाही. वस्तूत मुळातच दोष असेल तर ग्राहक आयोगात दाद मागता येते. मात्र मशीन तपासणीला जाणार, तारखा पडणार. बाई हुशार आहे. केस कदाचित जिंकूही.

पण तेवढा वेळ नाही रे. तुला कळवू नका म्हणून तुझ्या आईनं मला शपथ घातलीय. तिच्या घशात गाठ निघाली, कॅन्सरची. येत्या सोमवारी बार्शीला ऑपरेशन आहे. आवाजाची पेटीच काढणार. जीव वाचेल म्हणतात, बोलणं राहणार नाही.

पैसे भरून दुरुस्त करू, नाहीतर नवं मशीन घेऊ म्हणशील. दुरुस्त होऊन यायला काय, कानाच्या मापाचं नवं बनवून यायला काय, सोमवार उलटून जातो. विचारून आलोय.

हल्ली ती दिवसभर बोलत असते. भाकरी थापताना, शेळीची धार काढताना. मी मान हलवतो. मला ऐकू येत नाही हे तिला ठाऊक आहे, तरी थांबत नाही. काल ओठांवरून एवढंच कळलं, "म्याच ठिवलं की ट्रंकेत." मग तोंडाला पदर लावून बसली. मी रागावलो नाही. मला रडू आलं.

रजा काढून शनिवारच्या आत ये. तिच्याजवळ बस. ती बोलेल ते सगळं ऐक, आणि माझ्या वाटचंही ऐकून घे.

तुझा बाप,
अमृत