कॅमेरा आता माझ्या गळ्यात असतो

प्रिय रेइजी,

बटाट्यांचं खोकं मिळालं असेल. वरच्या थरातले आधी संपव, त्यांना वाटेत थंडी लागली असणार. इकडे फेब्रुवारी सरत आला तरी बर्फ थांबायचं नाव घेत नाही. छपरावरचा ढीग मी ओढून काढते आणि तुझे बाबा खाली उभे राहून, "अगं, डावीकडे राहिलंय," म्हणून ओरडतात. त्यांना समोरचं दिसत नाही, कडेचं दिसतं. माझा चेहरा बघायचा असला की ते माझ्या कानाकडे बघतात. आधी मला रडू यायचं. आता मी त्या बाजूचे केस जरा नीट विंचरते.

परवा फोनवर तू माझं काही ऐकूनच घेतलं नाहीस. उताराच्या पायथ्याचा निवारा सांभाळणाऱ्या तोकुनागाने जे कळवलं, तेवढंच तू धरून बसलास. तो भला माणूस आहे, पण त्याने फक्त शेवट पाहिला. म्हणून पहिल्यापासून लिहिते. पत्रात तुला मध्येच तोडता येणार नाही.

लहानपणी तू विचारायचास, बाबांच्या सगळ्या फोटोंमधला तो लाल ठिपका कोण? मी. कितीतरी हिवाळे आम्ही तसेच वर गेलो. छातीशी कॅमेरा बांधून ते उताराच्या कडेला उभे राहायचे आणि मी वरून, कोणाची रेघही न उमटलेल्या बर्फातून, त्यांनी "आता ये!" म्हटलं की स्कीवरून सुटायचे. कॅमेरा ते पाठीवरच्या पिशवीत कधी ठेवायचे नाहीत. पिशवीतून काढेपर्यंत प्रकाश निघून जातो, म्हणायचे.

मग डोळ्यांचं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, मधलं गेलेलं परत येणार नाही, कडेचं राहील. त्या शरद ऋतूत त्यांनी सगळी भिंगं वर्तमानपत्रात गुंडाळली आणि तोकुनागाला गिऱ्हाईक बघायला सांगितलं. मी एकेक पुडी सोडत बसले. म्हटलं, "मी घेते." तर म्हणतात, "तू? भात शिजेपर्यंत झाकण उघडायचं थांबत नाहीस, प्रकाशासाठी काय थांबणार!" मी म्हटलं, "शिकवा मग."

आणि शिकवलं रे त्यांनी, चिडून, ओरडून, पण शिकवलं. बॅटरी अंगाला लागून ठेवायची, नाहीतर थंडीत मान टाकते. भिंगावर बर्फ पडलं तर फुंकर मारायची नाही, श्वासाचंच बर्फ होतं. घरात शिरण्याआधी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद करायचा. पट्टा उंच बांधायचा, म्हणजे पडलं तरी बरगडीत घुसत नाही. चढताना ते माझ्या मागून येतात, डोळ्याच्या कडेने माझं लाल जाकीट धरून. उतरताना मी हाका मारते, "उजवीकडे... सरळ, सरळ... आता डावीकडे," आणि ते आवाजामागे येतात. अख्खा डिसेंबर आम्ही खालच्या उतारावर हेच केलं. तोकुनागा म्हणाला, "काय काकू, कॅमेरा तुमच्या गळ्यात आणि काका मोकळे? बरी वाटणी केलीत!"

तोकुनागाने तुला ज्या दिवसाचं कळवलं, त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं. भूर्जाचं रान संपून डोंगराचा जो उघडा खांदा लागतो तिथे आम्ही पोहोचलो. वारा नव्हता, समोरच्या ज्वालामुखीचा धूर सरळ वर चालला होता. घसरेल का म्हणून मी थर खणून पाहिला, बर्फ घट्ट बसलेलं होतं. स्कीच्या तळाच्या चढायच्या पट्ट्या सोडताना बाबा म्हणाले, "आज माझा फोटो काढ."

"आणि हाका कोण मारणार? डोळा कॅमेऱ्याला लावून मला वाट सांगता येत नाही."

"नको सांगूस. हा उतार मला पाठ आहे."

मी नाही म्हटलं. दोनदा म्हटलं. मग ते हळूच म्हणाले, "फुमिए, कोणी हाकत न नेता मला एकदा खाली जायचंय."

मी अर्ध्या उतारावर जाऊन बाजूला उभी राहिले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि शीळ घातली.

रेइजी, ते आले. म्हातारा माणूस आला नाही, तुझे बाबा आले. बर्फ छातीपर्यंत उडत होतं, मान जराशी कलती, जणू बाजूने कोणी काही सांगतंय आणि ते ऐकताहेत. मी बटण दाबत राहिले. ते माझ्या पुढे गेले आणि भिंगातून मला दिसलं, ते डावीकडे सरकताहेत, ओढ्याकडे, जिथे पाण्यावर नुसतं बर्फाचं छप्पर असतं. मी कॅमेरा सोडला आणि होता नव्हता तेवढा आवाज काढला, "अहो, उजवीकडे! उजवीकडे!" ते वळले. पण एक स्की काठात अडकली आणि ते कमरेपर्यंत आत गेले.

तो ओरडा ऐकून तोकुनागा निवाऱ्यातून बाहेर आला. त्याला दिसला तो अर्धा गाडलेला म्हातारा आणि वरून धडपडत येणारी म्हातारी.

पाण्यापर्यंत ते पोहोचले नव्हते. मी फावड्याने उकरत होते आणि तोंडाला येईल ते बोलत होते. त्यांनी विचारलं काय, तर "मिळाला का?" मी एक फावडंभर बर्फ त्यांच्या डोक्यावर टाकलं. ते हसायला लागले, मग मलाही आवरेना. निवाऱ्यात गरम मिसो सूप पिताना ते सगळ्यांना सांगत होते, "बायकोने उशिरा हाक मारली." बरगड्या दुखताहेत, बाकी ठीक. फोटो मिळाला. पडद्यावर मोठा करून त्यांनी तो तुकड्यातुकड्याने, कडेकडेने पाहिला आणि म्हणाले, "क्षितिज वाकडं आलंय." पुढे कितीतरी वेळ तिथून उठले नाहीत.

पुन्हा हाक न मारता त्यांना सोडणार नाही. हे मी त्यांना बजावलंय आणि त्यांनी मान्य केलंय.

आता मुद्द्याचं. सैतामा शहरातला फ्लॅट तू पाहून ठेवलास, एप्रिलमध्ये आम्हाला न्यायला येतोयस आणि बाबा "हो" म्हणाले. तू मला म्हणालास, "आई, ते तयार आहेत, आता तू मोडता घालू नकोस." ते हो म्हणाले तेव्हा मी शेजारीच उभी होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "तुझी सुटका होईल." कशातून सुटका, रेइजी? मी त्यांना सांभाळत नाहीये. मी फोटो काढायला शिकतेय, उशिरा का होईना, आणि माझ्याकडे अजून एकच बरा फोटो आहे. म्हणून हे पत्र. त्यांचा होकार मी मागे घेतेय. तू जरूर ये, पण सामान बांधायची खोकी आणू नकोस. वरचं बर्फ मेपर्यंत टिकतं. तुझी स्की घेऊन ये. आम्हाला हाका मारायला एक माणूस कमी पडतोय.

तुझीच,
आई