नियम चौथा: पिसं गोठवावीत

३ जानेवारी
आजपासून मी संयोजक. गळावर पिसं-दोरा गुंडाळून मासे फसवणारी खोटी माशी बांधणारे आम्ही ओळखीतले सहा जण. पैकी कलावंत एक. नाव लिहीत नाही, वही माझीच आहे. योजना: वर्षभर दरमहा प्रत्येकाने सहा सारख्या माश्या बांधून माझ्याकडे द्यायच्या. डिसेंबरात मी वाटणी करणार, म्हणजे प्रत्येकाच्या डबीत प्रत्येकाची कला. एकवीस नियम टाइप केले. नियम एक: फक्त नैसर्गिक पिसं-केस. नियम चार: पिसं आधी तीन दिवस फ्रीजरमध्ये, नाहीतर पिसं खाणारी कसर लागते. या लोकांना एवढंही सांगावं लागतं.

९ जानेवारी
पोल्ट्रीवाल्याकडून कोंबड्याची पिसं आणली. अप्रतिम. बायको म्हणाली, फ्रीजर मटारांनी भरलाय, त्यात ही घाण राहिली तर मी घरात राहणार नाही. शांतपणे विचार केला. पिसं तूर्त सगळ्यांच्या माश्या जमा करायच्या पेटीत ठेवली आणि पेटी सील केली. वर फक्त फट. लबाडीला वाव नको.

३१ जानेवारी
न्हावी पहिला हजर. माश्या दुकानातल्या केसांच्या! म्हणाला, गिऱ्हाइकांना विचारून घेतलेत. नियमात बसतात, नाइलाज. मेहुण्याच्या माश्या बघून मासे हसून मरतील. चौघांच्या पुड्या फटीतून आत. माझ्या सहा पुढच्या महिन्यात, एकदम बारा.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
निवृत्त हेडमास्तर आले. हात कापतात. माश्या चक्क चिप्सच्या पाकिटाच्या कात्रणांच्या! म्हणाले, बारीक पीस आता चिमटीत धरवत नाही. नात परगावी नोकरीला चाललीय, वर्षअखेरची डबी तिला द्यायची आहे. मी नियम एक मोठ्याने वाचला. ते उभ्याउभ्या ऐकत होते. वर मलाच म्हणाले, पेटीत डांबराच्या गोळ्या टाका. म्हातारा मला शिकवतोय! त्यांची पुडी बिस्किटांच्या डब्यात टाकून डबा माळ्यावर फेकला.

२ जुलै
हेडमास्तर दरमहा येतातच. नाही म्हणणं जिवावर येतं. पुडी माळ्यावर. माझ्या माश्या: शून्य. पण छत्तीसही डोक्यात तयार आहेत, हाताचं काम तेवढं राहिलंय.

१९ सप्टेंबर
बायको म्हणाली, पेटीच्या फटीतून बारके पतंग उडतायत. बायकांना प्रत्येक गोष्टीत खोट दिसते. सील फोडलं नाही. नियम म्हणजे नियम.

२७ डिसेंबर
सगळे हॉलमध्ये. हेडमास्तर नातीसह. छोटं भाषण केलं, सील फोडलं.
आत दोनशे अठ्ठ्याऐंशी उघडे गळ आणि भुसा. तळाशी माझी पोल्ट्रीची पिशवी, वळवळती.
न्हाव्याने विचारलं, नियम चार? मी म्हटलं, फ्रीजरमध्ये मटार होते. बायको म्हणाली, मटार फेब्रुवारीतच संपले. मी लक्षात आणून दिलं की कसरीने खाल्लं त्या अर्थी माल अस्सल होता. कुणी दाद दिली नाही.
मग बायकोने माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला. बहात्तर माश्या, एकीला धक्का नाही. मेहुण्याने बारा-बारा वाटल्या. हेडमास्तरांनी आपल्या वाट्याच्या नातीला दिल्या. तिने एकेक बोटावर ठेवून पाहिली, मग म्हणाली, आजोबा, बाकीच्यांच्या कुठे आहेत?
मी पेटी आवरत होतो.
पुढच्या वर्षीचा संयोजक न्हावी. एकमताने. माझं मत धरलं नाही.

२८ डिसेंबर
माझ्याही वाट्याला बारा आल्या. भिंग लावून पाहिल्या, दोष काढायला. कात्रण बारीक, दोरा घट्ट, गाठ दिसत नाही. दुपारी तशी एक बांधायला बसलो. हात माझे कापत नाहीत.
चार वेळा सुटली.