पाच किलो शाडू

४ ऑगस्ट ८६
हाडांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. मानेच्या दोन मणक्यांतली जागा कमी झालीय, शीर दाबली जाते, म्हणून अंगठा नि पहिलं बोट बधिर. तीस वर्षं गणपतींवर मान वाकवून बसल्याचं बक्षीस. ऑपरेशन मुंबईला. त्याआधी महिनाभर घरी ट्रॅक्शन. हनुवटीखालून पट्टा, दोरी दारावरच्या कप्पीवरून, पलीकडे पाच किलो वजन. दोन वेळा, वीस मिनिटं. पिशवीत रेती भरा म्हणाले. चतुर्थी सात सप्टें.ला. मूर्तींचे डोळे काढायचे, त्या आखणीचं त्यांना बोललो नाही.

५ ऑगस्ट
पावसात रेती आणायला कोण जाणार. घरात माती काय कमी आहे? मळलेला शाडू पिशवीत भरला, वाण्याच्या काट्यावर बरोबर पाच किलो. कारखान्याच्या दाराला टांगला. सौ. बघून हसली नाही, म्हणजे प्रकरण गंभीर. उठल्यावर बोटांत मुंग्या. मुंग्या म्हणजे जीव आहे.

९ ऑगस्ट, नागपंचमी
उरलेल्या घरांचे गणपती बसवायचे पाट आले. संगमेश्वराकडचा गोविंदा दरवर्षीसारखा पाट डोक्यावर घेऊन. म्हणाला, "मास्तर, डोळे तुम्हीच काढा हां. आमची आय दुसऱ्याचे चालवून घ्यायची नाय." हो म्हटलं. उजवा हात खिशातच होता.

१४ ऑगस्ट
बोट बरं. तीन सोंडा केल्या. डॉक्टर देवमाणूस.

२४ ऑगस्ट
पुन्हा बधिर. चहाचा कप हातातून सुटला. ट्रॅक्शन एकदाही चुकवलेलं नाही, तरी. डॉक्टर म्हणाले आठवडाभर बघू, नाहीतर मुंबई. डोळे आखायला दुसऱ्या कोणाला बोलवायचं? वडील आखणीला आंघोळ करून, न बोलता बसायचे. दोन्ही डोळे एका बैठकीत. एका डोळ्यावर देव ठेवायचा नाही. भीती वाटते, हे इथेच लिहितो.

२९ ऑगस्ट
दोरी झिजली म्हणून सौ.ने पिशवी उतरवली. हलकी लागते म्हणाली. वाण्याकडे नेली. साडेतीन किलो. मूर्ती सुकवायच्या शेगडीशेजारीच तीन आठवडे टांगलेली. ओला शाडू सुकला की हलका होतो हे गिऱ्हाइकांना सांगत आलेला मी! जेवलो नाही.
वर दीड किलो घालायला ती मीठ घेऊन आली. मीठ पाणी धरेल म्हटलं, तांदूळ घातले. आता आली अक्कल.

२ सप्टें.
पट्टा बांधलेला असतो तोवर बोट जागं. सोडलं की घटकाभरात जातं. डॉक्टर फार बोलले नाहीत. गेलेले दिवस गेले, वजन मनाने वाढवू नका, एवढंच.

४ सप्टें.
पहाटे आंघोळ. सौ.ला म्हटलं, पट्टा बांध नि गोविंदाचा गणपती पाटासकट उंच स्टुलावर ठेव, माझ्या डोळ्यांसमोर. इतक्या वर्षांत देव प्रथमच समोरासमोर. डावा डोळा झाला. रेघ हलली नाही. उजव्याची वरची पापणी अर्ध्यावर आणि पट्टा असूनही बोट गेलं. ब्रश पडायच्या आत तिने धरला. पंचवीस वर्षं रंग घोटतेय, आखणीचा ब्रश कधी...
"दुसरा तू आख."
"मला नाही जमायचं."
"एका डोळ्यावर ठेवायचा नाही."
हात धुऊन आली. पाट खाली घेतला. मला मान खाली करता येईना, दाराची फळी बघत बसलो. पाऊस लागलेला. झाला का, विचारलं.
"मान हलवू नका," म्हणाली.

५ सप्टें.
गोविंदा उद्या येणार. मूर्ती एकट्याने उजेडात नेऊन पाहिली. उजवा डोळा माझ्या डाव्याहून शांत आलाय. वाईट वाटलं. मग बरं वाटलं, मग परत वाईट. तिला सांगितलेलं नाही, गोविंदाला काय सांगायचं तेही ठरलं नाही.
अजून सतरा गणपती डोळ्यांवाचून फळीवर. मुंबईचा कागद डॉक्टरांनी लिहून ठेवलाय.
आत्ता तिने काळा रंग घोटला, दोन ब्रश ओले केले, आणि पट्टा हातात घेऊन माझ्या खुर्चीमागे उभी आहे.